संग्रहालयातल्या जुन्या मोटारींचे फोटो: गाडीला काय दिसतंय ते आधी बघा

गेल्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. जर्मनीत श्टुटगार्टला आलेला पुणेकर मर्सिडीज-बेंझचं संग्रहालय बघितल्याशिवाय परत जात नाही, तसे आम्हीही गेलो. चार तासांत त्यानं चारशेच्या आसपास फोटो काढले. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर बघायला बसलो, तर तिसऱ्या-चौथ्या फोटोलाच तो म्हणाला, "ताई, हे पिवळं काय आहे गं?" काळ्याभोर मडगार्डवर एक पिवळा डाग होता. पुढच्या फोटोत तोच डाग दारावर, मग हेडलाइटच्या वाटीत, मग व्हीलकॅपवर पसरट होऊन. त्याचं पावसाळी जाकीट होतं ते. निम्म्याहून जास्त फोटोंत गाडीच्या अंगावर तो स्वतःच उभा होता, दोन्ही हातांत मोबाइल धरून.

आपल्याला वाटतं आपण गाडीचा फोटो काढतोय. पण पॉलिश केलेल्या गाडीचा स्वतःचा रंग फोटोत फार थोडा येतो. बाकी येतं ते तिच्या अंगावर पडलेलं छत, दिवे, भिंत, शेजारची गाडी आणि आपण. रस्त्यावर गाडीवर आभाळ पडलेलं असतं, ते एकसारखं असतं म्हणून खपून जातं. बंद दालनात मात्र वर पाच-पन्नास दिवे असतात आणि प्रत्येकाची एक ठिणगी बॉनेटवर उमटते. म्हणून फोटो काढण्याआधी विचारायचं ते एवढंच: या गाडीला आत्ता काय काय दिसतंय? तिला दिसतंय तेच आपल्या फोटोत येणार आहे.

फोटोग्राफी हा माझा धंदा नव्हे. अकरा वर्षं इथं राहते आणि पाहुण्यांना घेऊन त्या संग्रहालयात इतक्या वेळा गेले आहे, की कुठल्या गाडीसमोर कोण कसा चुकतो ते मला पाठ झालं आहे. पुण्याशी या गावाचं येणंजाणं दांडगं. मर्सिडीजची भारतातली कंपनी १९९४ साली पुण्यात सुरू झाली आणि आता तिचा कारखाना चाकणला आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८पासून जोडशहरं आहेत. त्यामुळे पाहुण्यांना तोटा नाही.

शब्दाचंही सांगून टाकते. जुन्या गाड्यांचे जाणकार 'व्हिंटेज' म्हणतात ते साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांना. आपण सगळ्याच जुन्या मोटारींना व्हिंटेज म्हणतो. फोटोला त्यानं काही फरक पडत नाही, पण खाली मथळा लिहिताना पडतो.

आधी घरी: स्टीलचा डबा

तिकिटाचे पैसे भरायच्या आधी अर्धा तास स्वयंपाकघरात घालवा. पोह्यांचा स्टीलचा गोल डबा ओट्यावर ठेवा, ट्यूबलाइट लावा आणि मोबाइलमधून डब्याकडे बघा. डब्याच्या अंगावर ट्यूबची एक लांब पांढरी रेघ दिसेल आणि मधोमध तुम्ही, बारीक आणि वाकडे. आता मोबाइल हळूहळू खाली आणा. ती रेघ सरकते. एका ठिकाणी ती डब्याच्या कडेला इतकी छान लागते की डब्याची गोलाई एकदम उठून दिसते. जरा इकडेतिकडे झालं की तीच रेघ मध्ये येते आणि डबा सपाट दिसतो. डब्याच्या शेजारी काळी ओढणी धरा, ती बाजू काळी होईल. पांढरा कागद धरा, उजळेल. डब्याला हात न लावता तुम्ही त्याचा रंग बदललात.

मग एखादा चकचकीत लाल प्लास्टिकचा डबा घ्या. इथं ट्यूबची रेघ पांढरीच राहते, पण बाकीचं अंग लाल दिसतं. स्टीलचा डबा म्हणजे गाडीचं क्रोम आणि प्लास्टिकचा डबा म्हणजे तिचा रंगवलेला पत्रा. दोघांची वागणूक वेगळी असते, आणि ती इथं एकदा डोळ्यांत बसली की संग्रहालयात निम्मं काम झालेलं असतं.

निघताना

कपडे गडद आणि साधे घाला. काळा किंवा गडद राखाडी टी-शर्ट उत्तम. पट्टे नकोत, चमकणारी अक्षरं नकोत, भडक जाकीट तर नकोच. ते सामानाच्या कपाटात ठेवा. हातातलं मोठं चकचकीत घड्याळसुद्धा क्रोमच्या बंपरमध्ये तारा चमकावा तसं चमकतं.

पाठीवरची सॅकही कपाटात ठेवा, नाहीतर पुढं छातीवर घ्या. फोटोसाठी मागे सरकताना माणसाला आपल्या पाठीचं भान राहत नाही. मी स्वतः एकदा अशीच मागे सरकत माहितीच्या फलकावर आदळले आहे. फलक होता म्हणून निभावलं. मागे नव्वद वर्षांचं मडगार्ड असतं तर?

मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच सुती रुमालानं पुसा. हे लिहिण्यासारखं नाही असं वाटेल, पण अंधाऱ्या दालनात दिव्यांभोवती जे धुकं येतं ते दहापैकी आठ वेळा बोटाच्या तेलकट ठशाचं असतं.

फ्लॅश बंद करून टाका. संग्रहालयाची परवानगी असली तरीही. क्रोम आणि काच तो जसाच्या तसा तुमच्याकडे परत फेकतात आणि मागचं दालन काळं पडतं. ट्रायपॉडचं खिडकीवर विचारा. बहुतेक ठिकाणी नको म्हणतात, आणि गर्दीत लोक त्याला अडखळतात हे खरंच आहे. सोमवारी जाऊ नका, हे संग्रहालय बंद असतं. बाकीच्या दिवशी सकाळी शाळांच्या सहली असतात. मला आठवड्याच्या मधल्या वारची दुपार आवडते. एस-बान या उपनगरी रेल्वेच्या एस-१ गाडीनं नेकारपार्कला उतरायचं आणि तिथून चालत जायचं.

महागडा कॅमेरा असावाच असं काही नाही. असला तर एकच लेन्स न्या, ५० मिलिमीटरच्या आसपासची. तीन लेन्सा नेणारा माणूस दिवसभर लेन्सा बदलतो.

इमारत समजून घ्या

२००६ साली उघडलेली ही इमारत यूएन स्टुडिओ या डच वास्तुरचनाकारांची आहे. लिफ्टनं थेट वर जायचं, सुमारे ३४ मीटर, आणि मग एकमेकांत गुंफलेल्या दोन उतरत्या वाटांनी नऊ मजले खाली यायचं. वर लिफ्टचं दार उघडलं की समोर मोटार नाही, एक पांढरा घोडा उभा असतो. मोटार हे तात्पुरतं खूळ आहे, माझा भरवसा घोड्यावर, असं जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा म्हणाल्याचं सांगतात, त्याची ही थट्टा. घोड्याचा फोटो सगळे काढतात. तुम्हीही काढा. तो चकाकत नाही, हात बसवायला बरा.

फोटोच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की इथं दालनांचे दोन प्रकार आहेत. सात 'लेजंड' दालनांमध्ये काळानुसार गोष्ट सांगितली आहे आणि तिथं बाहेरचा उजेड येत नाही, सगळा खेळ दिव्यांचा. पाच 'कलेक्शन' दालनांना मोठमोठ्या खिडक्या आहेत. बस, ट्रक, अग्निशमनाच्या गाड्या, नामवंतांच्या गाड्या तिथं आहेत. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाता येतं, म्हणजे अंधारातून उजेडात आणि परत अंधारात. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची गणितं बदलतात. हे ज्याला माहीत नसतं त्याचे एका दालनातले फोटो पिवळे येतात आणि पुढच्यातले निळे.

आणखी एक ठरवून टाका. इथं सुमारे १६० वाहनं आहेत. पहिल्या खेपेला पाच निवडा. बाकीच्या गाड्या नुसत्या डोळ्यांनी बघा.

कॅमेरा लावणं

आधी दिव्यांबद्दल, कारण इथं भले भले फसतात. आपल्या घरात आणि युरोपातही विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, १/५०० सेकंदावर असलं तर दिव्याच्या एका फडफडीचा तुकडाच हाती लागतो आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर एक किंवा दोन फडफडी पूर्ण पकडल्या जातात आणि पट्टे जातात. सगळे एलईडी दिवे असं करत नाहीत. मोबाइलचा व्हिडिओ कॅमेरा नुसता सुरू करून दिव्याकडे धरा, रेघा सरकताना दिसल्या तर दिवा फडफडतोय समजा. काही मोबाइलमध्ये फ्लिकर (ही फडफड) ५० हर्ट्झवर लावायची सोय सेटिंगमध्ये असते.

म्हणजे कॅमेरा असेल तर शटर १/५०, अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/५.६ आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो, तिची वरची मर्यादा ३२०० किंवा कॅमेरा नवा असेल तर ६४००. थोडी रवाळ पोत आली तर येऊ द्या, हललेल्या फोटोपेक्षा ती परवडते. अपर्चर पार एफ/१.८ उघडू नका: हेडलाइट स्पष्ट आणि मागचं सगळं लोण्यासारखं, असा फोटो एकदा बरा वाटतो, पण गाडी कुठली ते कळत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये साठवा, म्हणजे पिवळेपणा नंतर घरी काढता येतो.

१/५० हातात धरून जमतं. कोपर बरगडीला टेकवा, श्वास अर्धा सोडा, आणि एकाऐवजी तीन फोटो ओळीनं काढा. पहिल्यात बोट दाबण्याचा धक्का असतो, दुसरा बहुधा स्वच्छ येतो. टेकायचं असेल तर भिंतीला टेका, गाडीभोवतीच्या कठड्याला नाही.

मोबाइलवाल्यांनी एकच गोष्ट केली तरी फोटो निम्म्यानं सुधारतील. गाडीच्या अंगावर जिथं सगळ्यात जास्त उजेड आहे तिथं बोट ठेवून दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. मोबाइलला अंधार खपत नाही, तो काळ्या गाडीला राखाडी करून टाकतो. तिला काळीच राहू द्या. कॅमेऱ्यात हेच काम एक्सपोजर भरपाईचं बटण करतं: काळ्या गाडीला उणे ०.७ ते उणे १, पांढऱ्या गाडीला उलट थोडं अधिकच्या (+) बाजूला.

आणि ०.५ची लेन्स विसरा. जागा कमी असते, गाडी मावत नाही, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. मग जवळचा हेडलाइट कलिंगडाएवढा होतो आणि मागचं चाक बशीएवढं. चार-पाच मीटर मागे जा आणि २ची झूम वापरा. मागे जायला जागाच नसेल तर पूर्ण गाडीचा हट्ट सोडा, पुढचा अर्धा भाग नीट घ्या.

तीन चाकं आणि मागची गर्दी

पहिल्या लेजंड दालनात कार्ल बेंझची तीन चाकांची मोटार भेटते. २९ जानेवारी १८८६ला तिच्या पेटंटचा अर्ज झाला, क्रमांक ३७४३५. एका सिलिंडरचं इंजिन, पाऊण अश्वशक्ती, वेग ताशी १६ किलोमीटर. बेंझची अगदी पहिली मूळ गाडी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये असते, म्हणून मथळ्यात 'जगातली पहिली मोटार, प्रत्यक्ष' असं ठोकून देऊ नका.

इथं चकाकीचा त्रास जवळजवळ नाहीच. त्रास उलटा आहे. ही गाडी म्हणजे तारा, नळ्या, सायकलसारखे आरे. तिच्या आरपार मागचं सगळं दिसतं. मागे फलक, माणसं, दुसरी गाडी असली की तिचे आरे त्यात हरवतात. उपाय पायात आहे. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, मग गुडघ्यावर बसून, असं करत चाकाच्या मागे रिकामी भिंत येईल ती जागा शोधा. पाच मिनिटं लागली तरी लागू द्या.

समोरून सगळेच काढतात. तुम्ही मागे जा. मागे मोठं आडवं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची चाल एकसारखी ठेवणारं जड चाक आहे, जात्याच्या पाळीसारखं झोपवलेलं. उभं बसवलं तर त्याच्या फिरण्यानं गाडी वळवणं अवघड होईल, अशी बेंझला शंका होती. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन अशाच गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभर किलोमीटरच्या वर, आणि वाटेत व्हीसलोखला औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. ते फ्लायव्हील, साखळी आणि वरची गादी एका चौकटीत घेतलीत की तो प्रवास काय असेल याची कल्पना येते. अख्ख्या गाडीच्या फोटोत ती येत नाही.

५०० के: इथं खरा धडा

तिसऱ्या लेजंड दालनात, १९३०च्या दशकात, जास्तीत जास्त वेळ द्या. ५०० के ही १९३४ची, पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, 'के' म्हणजे कोम्प्रेसोर, सुपरचार्जर, इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. बॉनेट न संपणारं. मडगार्ड असे वाहत येतात, की पैठणीचा पदर कुणी वाऱ्यावर धरला आहे. आणि या सगळ्यावर आरशासारखी पॉलिश.

आता डब्याची आठवण करा. पुढच्या कोपऱ्यापाशी या, जिथून नाक आणि एक बाजू दोन्ही दिसतात. उभे राहून बघा: वरचे दिवे बॉनेटवर ठिपक्याठिपक्यांनी सांडलेले दिसतील. हळूहळू गुडघे वाकवा. नजर हेडलाइटच्या उंचीला आली की ठिपके मडगार्डच्या वरच्या कडेकडे सरकतात आणि बरेचसे दिसेनासे होतात. आणखी खाली, जवळजवळ कमरेच्याही खाली, एक जागा अशी येते की मडगार्डच्या पाठीवर उजेडाची एकच सलग रेघ राहते, पुढच्या चाकापासून दारापर्यंत. पेन्सिलीनं काढावी तशी. फोटो तो. तुमची उंची पाच सेंटिमीटरनं बदलली तरी ती रेघ तुटते, म्हणून बसल्या जागी हलू नका. मोबाइल असेल तर उलटा धरा, लेन्स खाली येते आणि तुम्हाला जमिनीवर लोळावं लागत नाही.

मग स्वतःला शोधा. दारात, हेडलाइटच्या वाटीत, रेडिएटरच्या चौकटीत. बाहेर फुगलेल्या क्रोमच्या वाटीत तुम्ही दिसणारच, ते टाळता येत नाही. गडद कपड्यांत असाल तर एक बारीक काळी आकृती दिसेल, ती कुणी बघत नाही. सपाट दारात दिसत असाल तर कोन थोडा तिरका करा, दाराला भिंत दिसू लागेल.

पोलरायझर या लेन्सवर लावायच्या फिल्टरबद्दल हमखास विचारतात. तो रंगवलेल्या पत्र्यावरची आणि काचेवरची चकाकी कमी करतो, तिरक्या कोनातून जास्त. क्रोमवर त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही, कारण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाची जातच वेगळी. लाल डबा आणि स्टीलचा डबा, तोच फरक. शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे उजेड तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. अंधाऱ्या दालनात एवढी किंमत मोजून हाती थोडंच येतं. मी तो खिडक्यांच्या दालनांसाठी ठेवते.

आणि चकाकी म्हणजे शत्रू नव्हे. सगळीच काढून टाकली तर गाडी मातीची दिसते. कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा, एवढंच.

चंदेरी गाड्या

३०० एसएल समोर आली की लोक फोटो काढत सुटतात. १९५४ साली न्यूयॉर्कला ती पहिल्यांदा दाखवली, पंखांसारखी वर उघडणारी दारं घेऊन. दारं तशी का? नळ्यांच्या सांगाड्याच्या बाजू इतक्या उंच होत्या की साधं दार बसेना. अशा कूपे (दोन दारांच्या, बंद छताच्या गाड्या) एकंदर १,४०० बनल्या.

चंदेरी रंगाला स्वतःचं मत नसतं. दालन पिवळं तर गाडी पिवळी, शेजारी लाल गाडी तर एक कूस लाल. इथं व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर सोडू नका. माहितीच्या फलकाचा पांढरा भाग किंवा स्वतःजवळचा पांढरा कागद त्याच दिव्याखाली धरून त्यावरून लावा. मोबाइलवर ते जमलं नाही तर त्या कागदाचा एक फोटो काढून ठेवा, घरी रंग जुळवायला उपयोगी पडतो.

सगळ्यात खालच्या लेजंड दालनात शर्यतीच्या 'सिल्व्हर ॲरो' गाड्या उंच तिरप्या वळणावर चढवून ठेवल्या आहेत. १९३४ला गाडीचं वजन ७५० किलोच्या आत हवं होतं, म्हणून आदल्या रात्री पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचं अॅल्युमिनियम उघडं पडलं, ही गोष्ट संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी गाजवली. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. गोष्ट मात्र झकास आहे. इथं नवशिक्या कॅमेरा तिरका करून गाड्या सरळ करायला जातो आणि वळणाचा सगळा थरार घालवतो. कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा सरळ ठेवा. खाली एखादा माणूस चौकटीत येऊ द्या, त्याच्यामुळे चढ कळतो.

खिडक्यांची दालनं

इथं उजेड भरपूर, पण एका बाजूनं. खिडकीकडे तोंड करून काढलंत तर गाडीची नुसती सावली येईल. खिडकी पाठीशी घेतलीत तर तुम्ही काचेत दिसाल. खिडकी खांद्याच्या रेषेत ठेवा, गाडीवर उजेड कुशीवरून यावा. ढगाळ दिवस असेल तर नशीब समजा. हे दालन मग एक मोठी मऊ ट्यूबलाइट होतं.

ब्वेनोस आयरेसची रंगीबेरंगी नक्षीची बस इथं आहे, १९६०च्या दशकाच्या अखेरची. आपल्या ट्रकवाल्यांना तिच्यात भाऊबंद दिसावा. तिची नक्षी जवळून घ्या. पोपसाठी केलेल्या गाडीच्या पारदर्शक घुमटावर पोलरायझर फिरवून बघा. मात्र तावदान प्लास्टिकचं असलं तर त्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटू शकतात. नको असतील तर फिल्टर थोडा उलटा फिरवा.

जवळून

पूर्ण गाडीचे चांगले फोटो इंटरनेटवर ढिगानं आहेत. तुमचे वेगळे ठरतील ते बारकाव्यांमुळे: पितळी दिव्याच्या काचेतली तडा गेल्यासारखी लाट, चामड्याच्या सीटवर बसून बसून पडलेली सुरकुती, भोंग्याचा रबरी फुगा, स्टिअरिंगवर अंगठा घासून गेलेली जागा. फोटोसाठी अंतर ठेवून झूम करा, कठड्यावरून वाकू नका. तुमच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा तुमच्या आधी गाडीला टेकतो.

माणसांची घाई करू नका. एखाद्या गाडीसमोर एक घोळका येतो, जातो, आणि दुसरा यायच्या आत दहा-पंधरा सेकंद मोकळी असतात. चौकट लावून तसंच थांबा. अनोळखी लोकांची, विशेषतः मुलांची तोंडं स्पष्ट आली असतील तर ते फोटो सगळीकडे टाकू नका. जर्मनीत लोक याबाबतीत फार काटेकोर आहेत.

आणि प्रत्येक गाडीनंतर लगेच तिच्या फलकाचा फोटो काढा. लगेच. संध्याकाळी "ही १९२८ची का १९३२ची?" असं विचारत बसलेला माणूस मी दरवेळी बघते.

रात्री लॅपटॉपवर

एका गाडीचा एकच फोटो ठेवा. मग क्षितिज सरळ करा, पिवळेपणा काढा, हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) थोडे खाली ओढा म्हणजे क्रोममध्ये तपशील परततो. काळं आणखी उजळायचा मोह आवरा. नको असलेल्या वस्तू पुसायची मोबाइलमधली सोय भिंतीवरच्या हिरव्या 'बाहेर' पाटीसाठी ठीक, पण चाकाजवळ वापरू नका. ती आरे खाते आणि मग बारा आऱ्यांचं चाक साडेनऊचं होतं. जुन्या गाड्यांची आवड असलेला माणूस आधी तेच मोजतो.

हे जमलं की एस-६नं त्सुफेनहाउझेन भागातल्या नॉयविर्ट्सहाउस (पोर्शेप्लाट्झ) स्टेशनला जा. तिथं २००९ला उघडलेलं पोर्शेचं संग्रहालय आहे. आत जमीन, भिंती, छत सगळं पांढरं. गाडीला तिथं चहूकडे पांढरंच दिसतं, त्यामुळे वळणं अलगद उठून येतात. फक्त आधी सांगितलेला काळा टी-शर्ट घालून जाऊ नका. त्या पांढऱ्यात एकच काळा डाग असेल, आणि तो तुम्ही असाल. फिकट राखाडी घाला.